शुक्रवारला ‘हुकुरु’ म्हणणाऱ्या बेटावर

मालदीवमध्ये शुक्रवारला हुकुरु म्हणतात. जुम्याच्या मशिदीला हुकुरु मिस्किय. पहिल्या आठवड्यात आम्हाला हा शब्द अरबी वाटला होता. मग शाळेच्या फळ्यावर सातही वार एका ओळीत लिहिलेले पाहिले आणि शेजारच्या शिक्षिकेकडून ते वाचून घेतले. आदीत्त, होम, अंगार, बुद, बुरास्फति, हुकुरु, होनिहिरु. म्हणजे आदित्यवार, सोमवार, मंगळवार (अंगारकीतला अंगारक), बुधवार, बृहस्पतवार, शुक्रवार, शनिवार. ‘स’ आणि ‘श’च्या जागी ‘ह’ ठेवला की सगळे आपलेच वार. ज्या देशात मुसलमान असल्याशिवाय नागरिक होता येत नाही, तिथले लोक गेली नऊशे वर्षे याच नावांनी दिवस मोजतात, आणि त्यात कुणालाही वावगे वाटत नाही.

इथे येऊन आम्हाला दोन वर्षे होत आली. आम्ही दोघेही शिक्षक. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ आमचे गाव. आमच्यापैकी एकाला उत्तरेकडच्या एका बेटावर सरकारी शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. दुसरीने उर्दू-मराठी शिकवण्याच्या नोकरीतून बिनपगारी रजा घेतली आणि धाकट्याला घेऊन मागोमाग आली. थोरली दहावीचे वर्ष म्हणून नानीकडे राहिली. कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेश नवा नाही. आमच्याकडे कुवेत, मस्कत, दुबई हे शब्द मुले बाराखडीच्या आधी शिकतात. पण ‘मालदीवला शिक्षक म्हणून चाललो’ म्हटल्यावर मोहल्ल्यात सगळ्यांनी एकच विचारले, “तिथे तर लोक फिरायला जातात ना?”

जातात. पण ते जातात ती बेटे वेगळी. या देशात जवळपास 1200 बेटे आहेत आणि त्यांतल्या 200 हून कमी बेटांवर लोकांची वस्ती आहे. पर्यटकांची आलिशान हॉटेले बहुतेक स्वतंत्र बेटांवर आहेत. आमचे बेट वस्तीचे आहे. सकाळच्या नमाजनंतर निघालो तर तासाभरात पूर्ण फेरी मारून नाश्त्याला परत येता येते. दोन मशिदी, एक शाळा, एक दवाखाना, एक धक्का, तीन-चार दुकाने. रस्ते पांढऱ्या वाळूचे. पहाटे बायका हिराचे खराटे घेऊन आपापल्या दारापुढची वाळू झाडतात, तेव्हा त्या आवाजाने आम्हाला म्हसळ्याचे अंगण आठवते. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी.

शाळा सकाळी सातला भरते. आधी कुरआनची तिलावत, मग राष्ट्रगीत, मग तास. धर्मशिक्षण, कुरआन आणि दिवेही भाषा हे विषय सोडले तर गणित, विज्ञान, व्यापार सगळे इंग्रजीतून. 1960च्या दशकापासून इथे हीच रीत आहे. इतक्या विषयांना पुरतील इतके स्थानिक शिक्षक दूरच्या बेटांवर मिळत नाहीत, म्हणून परदेशी शिक्षक बोलावतात, आणि त्यांत भारतीयांची संख्या मोठी. आमच्या शाळेत केरळ आणि तमिळनाडूचे सहकारी आहेत. मराठी घर आमचे एकच.

पहिल्या महिन्यात आम्हाला वर्गाने शिकवले. मुले आकडे मोजत होती: एकेः, देः, तिनेः, हतरेः, फहेः, हएः, हतेः, अशेः, नुवएः, दिहएः. आम्ही मागून एक, दोन, तीन, चार म्हणू लागलो तेव्हा वर्ग हसून लोळला. त्यांना वाटले आम्ही त्यांचीच भाषा चुकीची बोलतोय. दिवेही ही सिंहलीची सख्खी बहीण. म्हणजे मराठीची आते-मामे बहीण. ‘प’चा तिथे ‘फ’ होतो. पाच म्हणजे फहेः, पाय म्हणजे फइ, पाणी म्हणजे फेन. एक पुस्तक म्हणजे फोतेः, म्हणजे आपली पोथीच. दिवसाला दुवस, चांदाला हंदु, मिठाला लोणु, साखरेला हकुरु. मासा म्हणजे मस, आणि महिना म्हणजेही मस. त्यावर नमाजचे नमादु, रोजाचे रोदा, वक्तचे वगुतु आणि आभार मानायला शुकुरिय्या. आमच्या घरात मराठी, उर्दू आणि कोकणी बोली जशा एका ताटात असतात, तसेच हे.

घरात बोलायची भाषा अशी ओळखीची निघाली, तसे जेवणही. नारळ आणि मासळी यांवर वाढलेल्या माणसाला इथे परके वाटायचे कारण नाही. सकाळी मस हुनि, म्हणजे शिजवलेला टूना बारीक करून त्यात खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू. सोबत रोशि, म्हणजे रोटी. दुपारी गरुदिया. टूना पाण्यात मिठासह उकळून केलेला नितळ रस्सा. तो भातावर घेऊन वर लिंबू पिळायचे. हाच रस्सा तासन्‌तास आटवला की रिहाकुरु नावाचा दाट, काळपट मसाला होतो आणि बरणीत महिनोन्‌महिने टिकतो. सुकवलेल्या टूनाचा तुकडा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा लाकडाचा वाटला. इथले मच्छीमार टूना जाळ्याने नाही, गळाने एकेक करून धरतात. दुपारी होड्या परतल्या की धक्क्यावर अर्धे बेट जमते. होडीला इथे दोनि म्हणतात. आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी डोणी होतीच.

पण मासळी, नारळ आणि थोडी भाजी सोडली तर बाकी सगळे समुद्रावरून येते. माले या राजधानीहून मालवाहू बोट आली की दुकानात टोमॅटो, कोबी, अंडी. दर्या खवळला की बोट लांबते आणि दुकानाची फळी रिकामी होते. इथे मिळणारा कांदा बहुधा भारतातून आलेला असतो. एकदा गोणीवर नाशिकचा शिक्का दिसला. त्या दिवशी आम्ही दुकानदाराला नाशिक कुठे आहे ते नकाशा काढून दाखवले. त्याला त्यात फार रस नव्हता. त्याने भाव तेवढा सांगितला.

आता ज्या कामासाठी आलो त्याबद्दल. आमच्या दहावीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांना इंग्रजीची गरज का आहे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. पर्यटन हा देशाचा मुख्य धंदा. हॉटेलच्या बेटावर स्वागतकक्षात उभे राहायचे, पाण्याखाली पाहुण्यांना न्यायचे, बोट चालवायची, हिशेब ठेवायचा, तर इंग्रजी पाहिजे. डॉक्टर किंवा वकील व्हायला परदेशी जायचे, तर इंग्रजी पाहिजे. पालकसभेत आई-वडील येतात ते आमच्या टेबलापुढे रांग लावतात. इंग्रजीत किती मिळाले, कुठे कमी पडला, संध्याकाळी शिकवणी घ्याल का? दिवेही शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलापुढे दोन-तीन माणसे.

या बाई आमच्या घराच्या पाठीमागेच राहतात. एका संध्याकाळी जोआलीवर बसून गप्पा चालल्या होत्या. जोआली म्हणजे दोरीच्या जाळ्याची, लोखंडी चौकटीची बैठक; प्रत्येक दाराबाहेर असतेच. बाई म्हणाल्या, “माझ्या नातवाला हतरेः, फहेः येते. वीसच्या पुढे मोजायचे झाले की इंग्रजीत जातो. पाहुणे आले की आम्ही कौतुकाने सांगतो, बघा किती छान इंग्रजी बोलतो. मग तोही दिवेही कशाला बोलेल?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. शेवटी त्यांनी विचारले, “तुमच्याकडे कसे आहे?”

आम्ही त्यांना आमच्याकडचे सांगितले. गावातल्या उर्दू शाळेचा पट कसा उतरत गेला, शेजारी इंग्रजी शाळेची बस कशी येऊ लागली. उर्दूतून शिकलेले आई-वडीलच मुलाला बसमध्ये कसे बसवतात. मराठी शाळांचेही तेच. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण तुमचे लोक कोटींनी आहेत. आम्ही सगळे मिळून चार लाखांच्या आसपास.”

ही गोष्ट आम्हाला त्याआधी अशी जाणवली नव्हती. दिवेही जगात दोनच ठिकाणी बोलतात. एक मालदीव, आणि दुसरे आपल्या लक्षद्वीपमधले मिनिकॉय बेट. तिथे तिला महल म्हणतात. मधे फक्त आठ अंश खाडी. उर्दू एका गावात मागे पडली तर मालेगावात आहे, भिवंडीत आहे, लखनौत आहे, कराचीत आहे. दिवेहीला या बेटांखेरीज जागा नाही. आणि बेटे किती उंच? देशातली बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम मीटरभर.

लिपीचेही असेच. दिवेही ताना लिपीत लिहितात, उजवीकडून डावीकडे. उर्दू येणाऱ्याला ती लवकर उकलते, कारण तिची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांपासून घडली आहेत, 1 ते 9. स्वरांच्या खुणा वर-खाली, जबर-जेरसारख्या. फक्त उर्दूत आपण त्या गाळतो तशा इथे गाळता येत नाहीत. 1976च्या सुमारास सरकारी यंत्रांना ही लिपी चालेना, म्हणून रोमन अक्षरे लागू केली होती. दोन-तीन वर्षांत ताना परत आणली. बाईंनी तो काळ पाहिलेला आहे. त्या सांगतात की मोठ्या माणसांना अचानक आपल्याच नावाची सही वाचता येईना.

त्या गप्पांनंतर आम्ही इंग्रजीच्या तासाला एक बदल केला. मुलांना विचारले, इंग्रजीने तुमच्याकडून काही घेतले आहे का? कुणालाच माहीत नव्हते. मग शब्दकोश उघडून दाखवला. प्रवाळाच्या कड्याला जगभर ‘अटोल’ म्हणतात. भूगोलाच्या प्रत्येक पुस्तकात तो शब्द आहे, आणि तो आला ‘अतोळु’ या दिवेही शब्दावरून. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो इंग्रजीच्या तासाला नेहमी खिडकीबाहेर बघतो, तो म्हणाला, “सर, म्हणजे त्यांनी आमच्याकडून शिकले?” हो. पुढच्या आठवड्यात गृहपाठ दिला: घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला समुद्राबद्दलचे दहा शब्द विचारा, ते दिवेहीत लिहा आणि त्यांचा अर्थ इंग्रजीत समजावा. वाऱ्याची नावे आली, प्रवाहांची आली, होडीच्या भागांची आली. खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाने बावीस शब्द आणले. त्याचे आजोबा मच्छीमार. त्या महिन्याच्या चाचणीत त्याचे इंग्रजीही सुधारले, कारण पहिल्यांदा त्याला सांगण्यासारखे काही होते.

सुट्टीत आम्ही फिरतो. मालेला जायचे तर हनिमादूच्या विमानतळापर्यंत बोटीने आणि तिथून विमानाने. माले म्हणजे दोन चौरस किलोमीटरच्या आसपासच्या जमिनीवर उभी केलेली मोहम्मद अली रोड. उंच इमारती, अरुंद गल्ल्या, स्कूटरींची झुंबड. देशातली एक तृतीयांशाहून जास्त माणसे माले आणि तिच्या लगतच्या भागात राहतात. 2018 साली समुद्रावरून पूल झाला, त्यामुळे विमानतळ आणि भराव घालून तयार केलेले हुळुमाले ही बेटे रस्त्याने जोडली गेली. लहान बेटांवरून लोक इथे येतात ते मुलांच्या वरच्या शिक्षणासाठी आणि दवाखान्यासाठी. एका खोलीत पाच-सहा माणसे. हुळुमालेच्या बागेत झोपाळ्यावरची मुले आपसांत इंग्रजीत भांडत होती. बाजूला बसलेली त्यांची नानी गप्प होती.

मालेतली हुकुरु मिस्किय आम्ही आवर्जून पाहिली. 1658 साली सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याच्या काळात बांधलेली. प्रवाळाचा दगड समुद्रातून काढला की मऊ असतो, तेव्हाच तो कापायचा. उन्हावाऱ्यात तो कठीण होतो. चुना न वापरता एका दगडाची खाच दुसऱ्यात बसवून भिंती उभ्या केल्या आहेत. भिंतींवर इतके बारीक कोरीवकाम की हात लावावासा वाटतो. आणखी एक गोष्ट. इमारतीचे तोंड थेट किबल्याकडे नाही, म्हणून आतल्या सफा तिरप्या आहेत. भिंती एका दिशेला, नमाजी दुसऱ्या दिशेला. इमारत पाडून पुन्हा बांधावी असे गेल्या साडेतीनशे वर्षांत कुणाला वाटले नाही. सफा तिरप्या केल्या की काम होते.

समोरच मेदु झियारत आहे. 1153 साली ज्यांच्या हातून इथल्या राजाने इस्लाम स्वीकारला असे मानतात, त्या अबुल बरकात यांची कबर. सांगतात की समुद्रातून येणारा एक राक्षस दर महिन्याला एक मुलगी मागत असे. हा परदेशी पाहुणा त्या रात्री मुलीच्या जागी जाऊन बसला आणि रात्रभर कुरआन पढत राहिला. राक्षस पुन्हा आला नाही. ही हकीगत इब्न बतूताने लिहून ठेवली आहे. तो 1343 साली इथे आला आणि काही काळ काझी होता. त्या वेळी गादीवर सुलताना खदीजा होती. खुतब्यात तिचे नाव घेतले जाई. देशोदेशी फिरलेल्या त्या माणसालाही याचे नवल वाटले आणि त्याने ते नोंदवले. हे आम्ही थोरलीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, “हे आमच्या पुस्तकात का नाही?”

आमच्या बाजूला उतीमु नावाचे छोटे बेट आहे. तिथे मुहम्मद तकुरुफानु यांचे घर जपून ठेवले आहे. 1558 ते 1573 अशी पंधरा वर्षे पोर्तुगीजांनी मालेवर अंमल चालवला. त्यांचा सगळा कारभार गोव्याहून चालत असे, त्यामुळे ही गोष्ट आपल्या किनाऱ्यालाही परकी नाही. तकुरुफानु आणि त्यांच्या भावांनी कळुओफुम्मी नावाची होडी बांधली. रात्री एखाद्या बेटावर उतरायचे, छापा घालायचा, उजाडायच्या आत निघून जायचे. अडचणीच्या काळात मिनिकॉयचा आसरा. शेवटी 1573 साली माले सुटले. घर पाहायला गेलो तेव्हा आम्हाला मोठ्या वाड्याची अपेक्षा होती. निघाले एक लाकडी घर, ठेंगणे दरवाजे, आत पांढरी वाळू, टांगलेले झोपाळे आणि दिवे. वाकूनच आत जावे लागते. धाकटा मात्र न वाकता आत गेला आणि दारात उभा राहून आम्हाला बोलावू लागला, दिवेहीत.

कुळुदुफ्फुशीला दवाखान्याच्या कामासाठी जातो. तिथल्या बायका काथ्याच्या दोरीसाठी सगळ्या मालदीवमध्ये नावाजलेल्या. नारळाच्या सोडणाला खाजणाच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजवायचे, मग बडवायचे, मग मांडीवर वळायचे. आमच्या कोकणात खाडीकाठी हेच काम होते. पण तिथल्या खाजणाचा मोठा भाग आता विमानतळाच्या भरावाखाली गेला आहे. विमानतळ हवा होता, त्याने आजारी माणसाचा जीव वाचतो, हे त्या बायकाही मान्य करतात. एक आजी फक्त इतके म्हणाल्या की दोरी वळायच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द आहे, आणि ते शब्द आता त्यांच्या सुनेला लागत नाहीत.

समुद्राबद्दल इथले लोक फार बोलत नाहीत. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत रा अटोलातले कंदोळुदू बेट राहण्याजोगे उरले नाही. सगळी वस्ती काही वर्षांनी दुवाफरू नावाच्या दुसऱ्या बेटावर नव्याने वसवली. माणसे वाचली, शाळा पुन्हा बांधली, मशीद पुन्हा बांधली, आणि ती माणसे आजही एकत्र आहेत म्हणून त्यांची बोलण्याची लकबही टिकली असेल. ही माणसे उद्या चार देशांत विखुरली तर? हा प्रश्न इथल्या शिक्षकांच्या खोलीत चहा पिता-पिता निघतो आणि घंटा झाली की थांबतो.

आता आमच्या घराचे. धाकटा इथल्या शाळेत तिसरीत आहे. आला तेव्हा त्याला मराठी आणि उर्दू बोलता येत होते, वाचता जेमतेम. सहा महिन्यांत तो समुद्रकाठच्या पोरांसोबत दिवेही बोलू लागला. वर्षभरात इंग्रजी. पण रात्री नानीशी फोनवर बोलताना तो अडखळू लागला. नानी कोकणी बोलीत विचारायची, जेवलास काय, अभ्यास झाला काय. तो ‘हो’ आणि ‘नाही’वर आला. नंतर ‘यस’ आणि ‘नो’वर. नानी काही बोलली नाही. तिने फोन थोरलीकडे द्यायला सुरुवात केली.

तेव्हापासून मगरिब आणि इशाच्या मधला वेळ आम्ही भाषांना दिला. पाऊण तास. बालभारतीची पुस्तके थोरलीने माणसाबरोबर पाठवली. एक दिवस मराठी, एक दिवस उर्दू. वाचायचे, मग वाचलेले नानीला फोनवर सांगायचे. नानीकडूनही काम घेतले: रोज एक गोष्ट सांगायची, तीही तिच्याच बोलीत. पहिले दोन महिने धाकटा कंटाळून उठून जायचा. मग नानीने विहिरीतल्या जिनाची गोष्ट चार भागांत सांगायला घेतली आणि तो स्वतःहून फोन लावू लागला. बी.एड.ला आम्ही मातृभाषेवर पानेच्या पाने लिहिली होती. त्या सगळ्या पानांपेक्षा त्या जिनाने जास्त काम केले.

यातून आम्हाला जे कळले ते इतकेच. इंग्रजीची काळजी आपण करायची गरज नाही. शाळा, नोकरी, मोबाइल, परदेश सगळे मिळून ती शिकवतातच, आणि आम्हीही त्या कामाचे पैसे घेतो. ती मुलांना जरूर द्यावी, चांगली द्यावी. पण उर्दू असो, मराठी असो, आपली बोली असो, तिच्यासाठी घरातल्या कुणी तरी रोज वेळ काढला नाही तर तिला वेळ देणारे दुसरे कुणी नाही. सरकार पुस्तक छापेल, शिक्षक तास घेईल. पण नानीशी बोलायचे आहे ही गरज फक्त घरच निर्माण करू शकते. इथल्या दिवेहीच्या बाईंनीही आता नातवासाठी तसेच काही सुरू केले आहे. त्यांच्याकडे जिन नाही, त्यांच्याकडे तकुरुफानुंची होडी आहे.

जूनमध्ये बिनपगारी रजा संपते. राजीनामा द्यायचा की परतायचे, यावर आमची अनेक रात्री चर्चा झाली. घराच्या कर्जाचे हप्ते अजून बाकी आहेत, थोरलीचे पुढचे शिक्षण समोर आहे, आणि इथला पगार आपल्याकडच्यापेक्षा बरा. डॉलर मिळवून ते घरी पाठवण्याची कसरत धरूनही बरा. म्हणून शेवटी असे ठरले की एकाने आणखी वर्षभराचा करार करायचा आणि दुसरीने धाकट्याला घेऊन मेमध्ये गावी जायचे. तो चौथीला म्हसळ्याला बसेल. आमच्या दोन्ही घरांच्या तीन पिढ्यांनी हेच केले: एक समुद्रापलीकडे, बाकीचे इकडे. इथे एकत्र राहायला मिळालेली दोन वर्षे ही अल्लाहची मेहेरबानी म्हणायची.

सामान बांधायला अजून अवकाश आहे, पण यादी सुरू झाली आहे. सुकवलेला टूना, रिहाकुरुच्या दोन बाटल्या, कुळुदुफ्फुशीची दोरी. धाकट्याने आपल्या यादीत पहिलीचे दिवेही वाचनाचे पुस्तक लिहिले आहे, ताना लिपीत. परवा जेवताना त्याने विचारले, “म्हसळ्यात माझ्याशी दिवेही कोण बोलणार?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग ठरले. रोज रात्री इशानंतर इथून फोन येईल आणि बापलेक दहा मिनिटे फक्त दिवेहीत बोलतील. बापाची दिवेही मोडकी आहे. धाकटा म्हणाला, हरकत नाही, मी शिकवीन.